फ्रेंच शिकताय ना? मग भाजी बाजारातून घ्या

फ्रान्समधल्या तुलूजला नव्याने येणाऱ्या आपल्या मुलामुलींना एक सल्ला हमखास मिळतो. "भाषेचं टेन्शन नको घेऊस. सुपरमार्केटात जा, हाताने सामान उचल, सेल्फ-चेकआउटला कार्ड टॅप कर, तोंडसुद्धा उघडावं लागत नाही." खरंय, नाही उघडावं लागत. आणि मग दोन-दोन वर्षं इथे राहून, विमान कंपनीत चांगल्या हुद्द्यावर काम करूनही माणूस 'बोंजूर' आणि 'मेर्सी'च्या पुढे सरकत नाही. अशी बरीच मंडळी माझ्या ओळखीत आहेत.

माझं मत विचाराल तर निदान भाजी-फळं तरी बाजारातूनच घ्यावीत. रविवारी सकाळी सँतोबँ चर्चच्या भोवती बाजार भरतो. बुलव्हार द स्त्रासबूरवर तर सोमवार सोडून रोज सकाळी असतो. क्लासमधल्या बाई "वीकेंडला काय केलंत?" विचारतात आणि आपण भूतकाळाचा सराव म्हणून काहीतरी थापा मारतो. भाजीवाल्याचं तसं नाही. त्याला टोमॅटो खपवायचे असतात, त्यामुळे तुमचं मोडकंतोडकं बोलणं तो मन लावून ऐकतो. शिवाय वाक्यं ठरलेली. नंबर कोणाचा, काय देऊ, किती, अजून काही, एवढंच? अडलंच तर बोट दाखवायला माल समोर आहेच. मागच्या रांगेची धास्ती वाटते म्हणाल, तर रांगेतल्या आजीबाईंना स्वतःच लीकच्या जुडीवर पाच मिनिटं बोलायचं असतं.

उन्हाळ्यात एकदा खरबूज मागून बघा. भाजीवाला आधी विचारणार, "आज दुपारी खाणार की उद्या?" मग एकेक उचलून वास घेणार, हातात तोलून बघणार, देठाशी अंगठा दाबणार. देठाभोवती चीर गेलेली असेल तर ते आजच्यासाठी, घट्ट असेल तर उद्या-परवासाठी. आव्होकाडोलाही हाच प्रश्न, कामाँबेर चीजलाही हाच. म्हणजे खरेदी करता करता तुम्ही घरी कोण जेवायला येणार आहे, किती जण आहेत, कधी बसणार, हे सगळं सांगायला लागता. कुठल्या अ‍ॅपमध्ये हा धडा आहे?

आपल्या लोकांना एक गोष्ट जड जाते, ती म्हणजे बऱ्याच ठिकाणी मालाला हात लावायचा नाही. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय पुढे न जाणारी आपण माणसं! घासाघीसही चालत नाही. मात्र दुपारी एकच्या सुमारास आवराआवर सुरू झाली की उरलेला माल आपोआप स्वस्त होतो.

आणि हो, आधी बोंजूर. थेट 'एक्स्क्यूज मी, हाऊ मच?' म्हणायचं आणि वर फ्रेंच लोक उर्मट म्हणून पोस्टी टाकायच्या, हे मला पटत नाही. समोरचा इंग्रजीत शिरला तर हसून "ऑँ फ्राँसे, सिल व्हू प्ले" (फ्रेंचमध्ये, प्लीज) म्हणा, लगेच फ्रेंचवर परत येतो. इकडच्या उच्चारांनी सुरुवातीला गोंधळ उडतो. क्लासच्या ऑडिओत पावाला 'पँ' म्हणतात, इथला भाजीवाला 'पँग' म्हणतो. होते सवय.

सुपरमार्केट अजिबात नको, असं मी म्हणत नाही. तूरडाळीसाठी भारतीय किंवा श्रीलंकन दुकान लागतंच, पण मसूरडाळ 'लाँतिय कोराय' नावाने कुठेही मिळते. दुधाच्या बाटलीचं लाल झाकण म्हणजे साईचं दूध, निळं अर्धसाईचं, हिरवं बिनसाईचं. दही लावायला लाल घ्या. पिठावरचा टी ५५, टी ८०, टी ११० हा आकडा जितका मोठा, तितका कोंडा जास्त. मी पोळ्यांसाठी ८० आणि ११० निम्मं निम्मं घेते. फ्रोमाज ब्लाँ, म्हणजे दह्यासारखं मऊ ताजं चीज, रात्रभर फडक्यात टांगलं की श्रीखंडाचा चक्का तयार.

शाकाहारी असाल तर लेबल वाचायला शिकाच. डेझर्टच्या डब्यांत जेलातीन म्हणजे प्राणिजन्य जिलेटिन निघतं, सॅलडमध्ये लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे. पण चीजपाशी लेबलही हात टेकतं. त्यावर बऱ्याचदा नुसतं 'प्रेझ्युर', म्हणजे दूध घट्ट करणारं रेनेट, एवढंच लिहिलेलं असतं. ते वासराच्या पोटातलं की वनस्पतीजन्य, याचा पत्ता नाही. कोंते नावाच्या चीजमध्ये ते प्राणिजन्यच असतं, हे मला बाजारातल्या चीजवाल्या बाईंनी सांगितलं. मग कुठलं चालेल तेही त्यांनीच काढून दिलं, वर प्रत्येकाचा तुकडा चाखायला दिला.

ज्यांची सुट्टी बाजाराच्या वेळेला जुळत नाही, त्यांनी निदान ब्रेड तरी बेकरीतून घ्यावा. स्वतः पीठ मळून तिथेच भाजत नसेल, तर दुकानाला 'बुलांजरी' अशी पाटी लावायला इथे कायद्याने बंदी आहे. 'त्रादिस्यों', म्हणजे पारंपरिक पद्धतीची बागेत (लांब पाव), मागा. १९९३ च्या सरकारी नियमानुसार तिच्यात अ‍ॅडिटिव्ह घालता येत नाहीत, की ती फ्रीझ करता येत नाही. आणि मागताना 'पा त्रो क्वीत' म्हणजे कमी भाजलेली, की 'बियाँ क्वीत' म्हणजे खरपूस, ते सांगा. नाही सांगितलं तर हाताला येईल ती मिळते.