ही कॅप घातली कोणाला?

परवा आतेभावाशी फोनवर चांगलंच वाजलं. दादा टेक्सासमध्ये डॉक्टर आहे, वीसेक वर्षं झाली, आणि माणूस सोन्यासारखा आहे हे आधीच सांगून टाकतो नाहीतर ही पोस्ट वाचून आत्याचा फोन येईल. विषय तिकडच्या मेडिकल मालप्रॅक्टिसच्या, म्हणजे डॉक्टरांच्या हलगर्जीपणाबद्दलच्या कायद्यांचा. त्याचं म्हणणं, २००३ ला टेक्सासने नुकसानभरपाईवर कॅप, म्हणजे कमाल मर्यादा लावली म्हणून आम्ही टिकलो, नाहीतर वकिलांनी आम्हाला विकून खाल्लं असतं. वर म्हणाला, लोकांनी मतदान करून लावलीय ती. खरंय. सप्टेंबर २००३, प्रपोझिशन १२ नावाचा प्रस्ताव, जेमतेम ५१ टक्क्यांनी पास.

आता ही कॅप काय ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. डॉक्टरच्या चुकीमुळे तुमचा पगार बुडाला, पुढच्या उपचारांचा खर्च आला, तर त्या भरपाईला मर्यादा नाही. पण वेदना, अपंगत्व, आयुष्याची झालेली माती, याला डॉक्टरकडून जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. २००३ लाही तेवढेच, आजही तेवढेच, महागाई जणू फक्त बाकीच्या जगाला. ऐकायला हे वाजवी वाटतं, मलाही बरीच वर्षं वाटायचं. पण हिशोब मांडून बघा ना. पन्नाशीचा कंपनी डायरेक्टर असेल तर त्याचा बुडालेला पगारच कोट्यवधीत जातो, त्याला कॅपचं काय सोयरसुतक. आणि रिटायर झालेली आजी? घर सांभाळणारी बाई? त्यांचा पगारच नाही, म्हणजे त्यांचं जे काही गेलं ते जवळपास सगळं त्या कॅपच्या खालीच येणार. त्यात तिकडचा वकील जिंकला तर टक्का घेतो, हरला तर काही नाही, आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या साक्षीचा सगळा खर्च आधी स्वतःच्या खिशातून करतो. मग आजीची केस तो कशाला घेईल? सॉरी म्हणून फोन ठेवतो. कॅप म्हणजे टोपी, आणि ती घातली कोणाला बघा.

दादाला मी डॅलसच्या ख्रिस्तोफर डंचची आठवण करून दिली, मणक्याचा सर्जन, त्याच्याच राज्यातला. ऑपरेशनमागून ऑपरेशन बिघडवत गेला, लोक कायमचे अधू झाले, दोन महिला पेशंट दगावल्या, आणि हा एका हॉस्पिटलातून निघाला की दुसऱ्यात. पेशंटना वकील मिळता मिळत नव्हते, कारण कॅपमध्ये खर्चच भरून निघत नाही, आणि हॉस्पिटलला धरायचं तर त्यांनी जाणूनबुजून केलं असं सिद्ध करा. शेवटी फौजदारी खटला चालला आणि २०१७ ला जन्मठेप झाली. दादा म्हणाला, तो अपवाद होता. असेल. पण अपवाद वेळेत पकडायलाच कोर्ट लागतं ना.

आता पैशाकडे येतो. डॉक्टरांच्या संघटना, हॉस्पिटलं आणि इन्शुरन्स कंपन्या कॅपच्या बाजूने देणग्या देतात, आणि कॅपला पाठिंबा देणारे बहुतेक रिपब्लिकन. पेशंटच्या केस लढवणारे ट्रायल लॉयर उलट्या बाजूने देतात, डेमोक्रॅटांकडे. वकील काही संत नाहीत हो, त्यांचा टक्का त्यात आहे. २००४ ला इलिनॉयमध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका जागेच्या निवडणुकीत (हो, तिकडे जज पण निवडून येतात, मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं) मुख्यतः याच दोन गटांच्या पैशावर ९० लाख डॉलरच्या वर खर्च झाला. इतका, की जो जिंकला तोच म्हणाला, हे ओंगळ आहे. म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

कॅलिफोर्नियाची गोष्ट तर अजून भारी. १९७५ ला डॉक्टर अशा खटल्यांसाठी जो इन्शुरन्स घेतात त्याचे प्रीमियम भडकले, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी काम बंद केलं आणि घाईघाईत अडीच लाखाची कॅप आली. ती ४७ वर्षं जशीच्या तशी, आणि तेवढ्यात महागाई पाचपटीच्या वर गेली. २०१४ ला ती वाढवायचा प्रस्ताव मतदानाला आला, तर विरोधकांनी, म्हणजे मुख्यतः इन्शुरन्स आणि डॉक्टरांच्या बाजूने, पाच कोटी डॉलरच्या वर ओतले आणि प्रस्ताव आपटला. वकिलांच्या बाजूनेही एक आगाऊपणा केला होता, त्याच प्रस्तावात डॉक्टरांची ड्रग टेस्ट घुसडली होती, लोकांना आवडेल म्हणून. मग २०२२ ला पुन्हा मतदान ठरलं, दोन्ही बाजूंना पुढचा खर्च दिसायला लागला आणि काय आश्चर्य, मतदानाआधीच समझोता झाला! साडेतीन लाख, मृत्यू झाला तर पाच लाख, आणि दहा वर्षांत वाढत वाढत साडेसात आणि दहा लाख. ४७ वर्षं जे अशक्य होतं ते खर्चाचा आकडा बघून सुटलं.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे तिसरा ऑपरेशन टेबलवर पडलेला असतो आणि त्याने कुणाला देणगी दिलेली नसते. फ्लोरिडात १९९० पासूनचा कायदा बघा, २५ च्या वरचं, लग्न न झालेलं, मूलबाळ नसलेलं माणूस हॉस्पिटलच्या हलगर्जीपणाने गेलं तर आईवडिलांना त्या दुःखाची भरपाई मागता येत नाही. लोक तिकडे त्याला फ्री किल म्हणतात. २०२५ ला तिथल्या विधिमंडळाने हा कायदा रद्द करायचं ठरवलं, तर गव्हर्नर डिसँटिस यांनी व्हेटो केला, का तर प्रीमियम वाढतील.

दादाचं एक मला पटतं. बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरांचे प्रीमियम खरंच अंगावर येतात आणि एका खोट्या केसनेही माणूस वर्षभर झोपत नाही. पण कॅप लावली की सगळ्यांचाच आरोग्यखर्च स्वस्त होतो हे जे गाजर दाखवतात ना, त्यावर २००९ ला अमेरिकन काँग्रेसच्याच बजेट ऑफिसने हिशोब केला होता, कॅपसकट सगळ्या सुधारणा धरून बचत किती, तर देशाच्या एकूण आरोग्यखर्चाच्या साधारण अर्धा टक्का. यावर दादा गप्प. मग म्हणाला, तुला इथे राहायचं नाहीये म्हणून बोलतोस. तेही खरंच.

फोन ठेवताना मी सहज विचारलं, तुमच्या संघटनेच्या त्या राजकीय फंडाला यंदा चेक दिलास का. म्हणाला, जानेवारीतच.