रात्री साडेनऊला क्वागा

या शाळावाल्यांना एकदा जूनमध्ये माझ्या दुकानात उभं करायचंय. वह्यांची गर्दी, कव्हरची गर्दी, "पप्पांच्या नावानं लिहा" म्हणणारे उधारीवाले. दिवसभर उभं राहून पायाचा भुगा झालेला माणूस रात्री अशोक चौकातल्या घरी येतो, भाकरीचा पहिला तुकडा शेंगाचटणीला लावतो, तर समोर पाचवीतलं पोरगं वही घेऊन बसलेलं.

"काय करलालास बे?"

"क्यूवरनं वीस शब्द हुडकलालो. उद्या द्यायचंय."

उद्या! आणि वर अटी. क्वीन, क्विक, क्वेश्चन चालणार नाही. "दुर्मिळ" पाहिजेत. अर्थ इंग्रजीतच. पाच शब्दांना चित्र. अहो, क्यूपासून इंग्रजीत शब्दच मूठभर, त्यात दुर्मिळ कुठले हुडकायचे? बरं, हा क्यू त्यांचासुद्धा नव्हे. जुन्या इंग्रजीत राणीला सी-डब्ल्यू लावून लिहायचे. 1066 साली नॉर्मन आले, त्यांच्या लिखाणाच्या सवयीनं हळूहळू सी-डब्ल्यू गेलं आणि क्यू-यू बसलं. साडेनऊशे वर्षांमागच्या कारकुनांची खोड, आणि फेडतोय कोण, तर मी. भाकरी गार झाली ती वेगळीच.

पहिला शब्द सापडला क्वागा. दक्षिण आफ्रिकेतला झेब्र्यासारखा प्राणी. शेवटचा 1883 साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. म्हटलं चला, चित्रही झालं. पोरानं जीव लावून शेपटीपर्यंत पट्टे ओढले. मग कळलं, क्वागाला पट्टे फक्त पुढच्या अर्ध्या अंगाला, मागं नुसता तपकिरी. खोडता खोडता कागद फाटला, पोरगं रडायला लागलं, ही आतून माझ्यावर ओरडायला लागली. मेलेल्या जनावरानं दीडशे वर्षांनी माझ्या घरात भांडण लावलं.

पुढचे भराभर लिहिले. क्विडनंक म्हणजे सारखं "आता काय नवीन?" विचारत फिरणारा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच "आता काय?". आमच्या चौकात पानटपरीपाशी असे सात-आठ उभे असतात, सगळ्यांचा एकच प्रश्न, "काय विशेष?" क्विन्कंक्स म्हणजे सोंगटीच्या फाशावरचे पाच ठिपके, चार कोपऱ्यांना आणि एक मधे. शेतकी शिकलेल्या मेव्हण्याला फोन केला तर तो म्हणाला, "दाजी, अशी बाग लावतात की. चार कोपऱ्यांना आंबा, मधे पपई. आंबा वाढेपर्यंत पपई खायची." पोराला ते लगेच कळलं. क्वोटिडियन म्हणजे रोजचं, रोज घडणारं. पोरगं म्हणालं, वाक्यात उपयोग करू? आमच्या नळाचं पाणी क्वोटिडियन नाही. दुसरं उदाहरण मला तरी सुचलं नसतं.

मग आला क्वर्न. गाइडात अर्थ दिलाय, "धान्य दळण्यासाठी हाताने फिरवायचे, दोन दगडांचे उपकरण" असं काहीतरी लांबलचक इंग्रजीत. पोरगं ते घोकलालं. तीनदा, चारदा, डोळे मिटून. आणि ज्याच्याबद्दल घोकलालं ते तुळशीमागं पडलेलं, पावसात भिजून हिरवं झालेलं! मी हाताला धरून नेलं. आईनं ते पुसलं, खुंटा ठोकला, मूठभर तूर टाकली आणि दोन फेरे फिरवून दाखवलं. पाळीखालून डाळ पडली तसं पोरगं म्हणालं, "हे तर आजीचं जातं." मग? दुसरं काय असणार? त्यानं वहीत इंग्रजी अर्थापुढं कंसात "जातं" लिहिलं आणि खाली चित्र काढलं, खुंट्यासकट. पाचांतलं सगळ्यात चांगलं चित्र.

शेवटचा शब्द मी सांगितला, छाती फुगवून. क्वायर. कागदाचा दस्ता. चोवीस ताव म्हणजे एक दस्ता, वीस दस्ते म्हणजे रीम, चारशे ऐंशी ताव. हल्ली पंचवीसचा दस्ता आणि पाचशेची रीम झाली, हिशोबाला सोपं म्हणून. इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या "चार-चार" वरून आलाय, चार ताव दुमडून एकात एक घालायचे त्यावरून. आपला दस्ता फारसीतला, हातात मावतो तेवढा. हे मला कुठल्या गाइडानं शिकवलं नाही. बावीस वर्षं कागद विकतोय, काउंटरवर ताव मोजून मोजून अंगठ्याची कातडी गेलीय.

बुधवारी वही परत आली. वीसपैकी अकरा. क्वर्नला लाल गोल, कारण कंसात मराठी शब्द लिहिलाय. जात्यावर फुली, शेजारी "गाइडमधले चित्र काढा". क्वोटिडियनच्या वाक्याला प्रश्नचिन्ह. ते एक वेळ सोडतो. पण क्वायर! मॅडमनी माझा दस्ता खोडून लाल शाईनं नवीन स्पेलिंग घातलंय, सी-एच-ओ-आय-आर, आणि अर्थ दिलाय चर्चमध्ये गाणाऱ्यांचा समूह. उच्चार दोन्हींचा एकच, क्वायर, पण बाई, शब्द क्यूवरून मागितला होता ना तुम्हीच? सी कुठनं आला मधे? पोरगं मलाच म्हणतंय, "पप्पा, तुम्ही चुकीचं सांगितलाव."

आणि गंमत बघा, त्या शाळेचे परीक्षेचे कागद माझ्याच दुकानातून जातात. घटक चाचणी जवळ आलीय. आता त्यांचा शिपाई येऊन "दोन दस्ते द्या" म्हणू दे. विचारणारच आहे मी त्याला, गाणारे बाप्ये पाठवू का बाया?