राज्यपाल व्हायचं असेल तर धुऱ्यावर बसायला शिका

तुमचं वय पस्तीस पूर्ण झालं असेल आणि तुम्ही भारताचे नागरिक असाल तर अभिनंदन. राज्यपाल व्हायला घटनेच्या कलम १५७ मध्ये याहून जास्त पात्रता मागितलेली नाही. आता गावात बघा. कोतवाल व्हायचं तर चौथी पास लागते. ग्रामपंचायतीच्या मेंबराला घरी संडास लागतो, तो वापरत असल्याचा दाखला लागतो, वरून २००१ च्या सप्टेंबरनंतर तिसरं लेकरू झालेलं चालत नाही. आमच्या वॉर्डातला एक गडी निव्वळ संडासापायी बाद झाला. मी त्याला म्हटलं, "कायले रडतं लेका, तू अजून राज्यपाल होऊ शकतं." तो पानठेल्यावर खर्रा घोटत होता. हात थांबवून त्यानं विचारलं, "मंग त्याचा फॉर्म कुठं भेटते?"

फॉर्म नसतो, इथंच सगळी मेख आहे. कलम १५५ प्रमाणे राष्ट्रपती आपल्या सही-शिक्क्यानिशी नेमणूक करतात आणि नाव दिल्लीतून ठरतं. म्हणजे मतं मागायची नाहीत, पण चाळीस वर्षं कुणाच्या तरी लक्षात राहायचं. तेही इतपतच, की आठवण व्हावी पण धास्ती वाटू नये.

सुरुवात गावच्या सोसायटीपासून करा. मग खरेदी-विक्री संघ, बाजार समिती, झेडपी. या पायऱ्या चढताना काम करायचा मोह होईल, तो आवरा. काम केलं की कुणाचं तरी अडतं आणि अडलेला माणूस विसरत नाही. त्यापेक्षा तेरव्या करा. लग्न चुकलं तर चालतं, लग्नात लोक नवरदेव पाहतात. तेरवीत मात्र कोण आलं ते मोजतात. गेल्यावर प्लास्टिकची खुर्ची पुढं येईल, ती हातानं बाजूला सारून सतरंजीवर मांडी घाला. पहिला घास घ्यायच्या आधी गेलेल्याच्या थोरल्या पोराला विचारा, "पऱ्हाटी कशी हाय औंदा?" तो बोंडअळी म्हणेल, मान हलवा. भाव पडला म्हणेल, तीच मान तशीच हलवा. उत्तर ऐकायचं नसतं, मान मात्र मनापासून हलली पाहिजे. पुढं राज्यपाल म्हणून तुम्हाला दरवर्षी विधिमंडळात अभिभाषण करावं लागेल. ते मंत्रिमंडळानं लिहून दिलेलं असतं आणि त्यात "माझे शासन" असं पुन्हा पुन्हा येतं. ज्या सरकारचं तोंड पाहायची इच्छा नाही त्याला माझे म्हणताना हीच तेरवीतली मान कामाला येते.

दुसरी सवय कोनशिलेची. आमच्या गावाच्या नाल्यावर तीन कोनशिला आहेत आणि पूल एकही नाही. तिन्हींवर नाव एकाच भाऊचं, पद तेवढं बदलत गेलेलं: सभापती, आमदार, राज्यमंत्री. पावसाळ्यात शाळेची पोरं त्या दगडांवर दप्तर ठेवून पाणी ओसरायची वाट पाहतात, तेव्हा दगडांचा उपयोग नाही असं कुणी म्हणू नये.

आता मुख्य विद्या, धुऱ्यावर बसण्याची. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, बसलेल्या माणसाला दोन्हीकडचा ओला हरभरा तोडता येतो. फक्त राखणदार कोणत्या बाजूनं येतो इकडं कान पाहिजे. आपल्या विदर्भात या विद्येचा आदर्श म्हणजे नागपूरचे बनवारीलाल पुरोहित. ते काँग्रेसचे खासदार झाले, भाजपचेही झाले, परत काँग्रेस करून पाहिली, मध्ये विदर्भ राज्य पक्ष काढला आणि शेवटी पुन्हा भाजपमध्ये आले. मग २०१६ ला आसाम, २०१७ ला तामिळनाडू, २०२१ ला पंजाब. ज्यानं विदर्भ राज्य मागितलं त्याला तीन राज्यं मिळाली, विदर्भ तेवढा सोडून. यालाच नशीब म्हणतात.

पण नुसतं धुऱ्यावर बसणं पुरत नाही. वेळ आली की उठून जागा द्यावी लागते, आणि याचा उत्तम नमुना पाहायला गुजरातेत जावं लागेल. राजकोटचे वजुभाई वाला. २००१ च्या ऑक्टोबरात नरेंद्र मोदी मुख्यमंत्री झाले तेव्हा ते आमदार नव्हते. वजुभाईंनी आपली सीट रिकामी करून दिली आणि २००२ च्या फेब्रुवारीत मोदी तिथून निवडून आले. माणसानं गुजरातचा अर्थसंकल्प १८ वेळा मांडला. पण मला विचाराल तर अठरा अर्थसंकल्प एकीकडं आणि ती एक रिकामी खुर्ची दुसरीकडं. २०१४ ला मोदी पंतप्रधान झाले आणि त्याच वर्षी वजुभाई कर्नाटकचे राज्यपाल. आमच्याकडं एसटीत रुमाल टाकून जागा धरतात. तुम्ही उलटं करा, आपला रुमाल उचला आणि "बसा ना साहेब" म्हणा. फक्त साहेब कोण होणार आहे ते आधी ओळखता आलं पाहिजे, नाही तर उभ्यानं प्रवास.

एक धोका सांगून ठेवतो. अंगात धमक शिल्लक असेल तर या वाटेला जाऊ नका. पुसदचे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ मुख्यमंत्री होते. १९९४ ला हिमाचलचे राज्यपाल झाले. तिथली हवा थंड, बंगला मोठा, आणि माणूस पुढच्याच वर्षी परत! १९९८ ला लोकसभेतसुद्धा गेले. असल्या माणसांना बर्फ मानवत नाही. दारापूरचे रा. सू. गवई मात्र राज्यपाल म्हणून बिहार आणि केरळ दोन्हींना पुरून उरले. केरळात २००९ ला त्यांनी मंत्रिमंडळाचा सल्ला बाजूला ठेवून माकपचे नेते पिनरायी विजयन यांच्यावर खटला भरायला परवानगी दिली होती. तो नाद नवशिक्यानं करू नये.

समजा, नेमणूक झाली. महिन्याला साडेतीन लाख, राहायला भाडं नाही, आणि पदावर आहात तोवर कलम ३६१ मुळं कुणी फौजदारी खटला चालवू शकत नाही. काम काय, असं विचारणारा माणूस राज्यपाल होत नाही, तरी सांगतो. विधानसभेनं मंजूर केलेलं विधेयक तुमच्याकडं सहीला येतं. पटलं नाही तर परत पाठवायचं असतं, तेही "शक्य तितक्या लवकर", असं कलम २०० म्हणतं. हे शब्द ओळखीचे वाटले ना? कृषीपंपाच्या कनेक्शनचा अर्ज देताना मलाही हेच ऐकवलं होतं. दोन तुरी निघाल्या, खांब आला नाही. पंजाबातल्या अडलेल्या विधेयकांवरून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यपालांना आगीशी खेळताय म्हणून सुनावलं. पुढं २०२५ च्या नोव्हेंबरात घटनापीठ म्हणालं की कोर्टाला तारीख बांधून देता येणार नाही, पण कारण न सांगता कायमचं दाबूनही ठेवता येणार नाही. म्हणजे किती दिवस? शक्य तितके.

घाई करायची जागा वेगळी असते. २०१८ ला कर्नाटकात कुणालाच बहुमत नव्हतं. वजुभाईंनी भाजपच्या येडियुरप्पांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली आणि बहुमत दाखवायला पंधरा दिवस दिले. कोर्टानं ते पंधरा दिवस काढून घेतले आणि १७ मेला शपथ घेतलेले मुख्यमंत्री १९ मेला राजीनामा देऊन मोकळे झाले. वजुभाई आपले २०२१ पर्यंत तिथंच.

मुदत पाच वर्षांची, पण ती लिहिण्यापुरती. कलम १५६ प्रमाणे राष्ट्रपतींची मर्जी असेल तोवर पद. २००४ ला दिल्लीत सरकार बदललं आणि जुलैत चार राज्यपाल एका फटक्यात घरी गेले. २०१० ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, मनमानी करून काढता येणार नाही. तरी कायदा कायद्याच्या जागी. आमच्याकडं सालगड्यालासुद्धा गुढीपाडव्यापर्यंत ठेवतात, साल तुटायच्या आत काढला तर गाव तोंडात शेण घालतं. राज्यपालाला पाडवा नसतो.

आता थोडं जिव्हाळ्याचं. तुम्ही आयुष्यभर भाषणं कशावर केलीत? अनुशेषावर, म्हणजे विकासात मागं राहिलेल्या भागाच्या थकबाकीवर. दांडेकर समितीनं १९८४ ला महाराष्ट्राचा अनुशेष मोजला, ३,१८६ कोटी, त्यात आपल्या विदर्भाचा वाटा मोठा. गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ ला झालं, मूळ खर्च ३७२ कोटी. हे आकडे तुम्हाला पोराच्या जन्मतारखेपेक्षा पाठ आहेत. घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विदर्भाला निधीचा न्याय्य वाटा मिळेल हे पाहायची विशेष जबाबदारी एकाच माणसावर टाकता येते. मुख्यमंत्र्यावर नव्हे, महाराष्ट्राच्या राज्यपालावर. १९९४ ला विकास मंडळं झाली ती याच कलमावर. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली, त्या लॉकडाऊनमध्ये कुणाच्या तेरवीलासुद्धा कुणी जात नव्हतं. तर तुम्ही मनातल्या मनात म्हणाल, झालोच राज्यपाल तर पहिली सही अनुशेषाच्या फायलीवर. पण प्रथा अशी की माणसाला त्याच्या स्वतःच्या राज्यात पाठवत नाहीत. केंद्र-राज्य संबंधांवर नेमलेल्या सरकारिया आयोगानंसुद्धा राज्यपाल बाहेरचा असावा असंच सांगितलं. म्हणजे जे एक काम चाळीस वर्षं भाषणात केलं, ते करायचा अधिकार ज्या खुर्चीला आहे ती सोडून देशातली कोणतीही खुर्ची तुमची. काळजी करू नका. तिथं गेल्यावर तिथल्या लोकांचा अनुशेष तुम्हाला ठाऊक नसेल, आणि इकडं येणाऱ्याला आपला.

आमचे भाऊ अजून राज्यपाल झालेले नाहीत, नाव चालू आहे. तरी चाहत्यांनी चौथी कोनशिला घडवायला टाकली. कारागीर परवा नाल्यावर जागा मोजायला आला होता. पदाच्या ठिकाणी काय कोरू, म्हणाला.

"कोरं ठेव ना बे," सोसायटीचा अध्यक्ष म्हणाला, "दिल्लीहून आलं की सांगतो."

"अन् पूल?"

"तू दगडाचं पाह्य."