गेम खेळून इंग्रजी येतं का? येतं, पण कुठला गेम ते बघा

विश्रामबागला संध्याकाळी इंग्लिश स्पीकिंगचा क्लास घेतो, त्यामुळं हा प्रश्न पालक सारखा विचारतात, की सर पोरगा दिवसभर बीजीएमआय (तो मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम) खेळतोय, त्यात सगळं इंग्रजीच असतंय की, मग सुधारंल का इंग्रजी? नाही सुधारत ओ. तिथं बोलायची गरजच नाही, क्विक चॅटचं बटण दाबलं की काम झालं, आणि माइक चालू केला तर हिंदी नाहीतर शिव्या. आणि ते शब्दावर टिचकी मारून नाणी मिळवायची ॲप्स म्हणजे आपलं जुनं 'रिकाम्या जागा भरा'च, फक्त टिंग असा आवाज येतो.

माझं मत असं की ज्या गेममध्ये तोंड उघडल्याशिवाय पुढं जाताच येत नाही तोच भाषा शिकवतो. आमच्याकडं चालतो 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स', 2015 चा आहे. एका पोराला लॅपटॉपवर बॉम्ब दिसतो, पण निकामी कसा करायचा ते त्याला माहीत नसतं. बाकीच्यांच्या हातात इंग्रजी मॅन्युअल, पण त्यांनी स्क्रीन बघायची नाही. टायमर चालू. मॅन्युअल नेटवर फुकट मिळतं, झेरॉक्स काढली की झालं, म्हणजे एक लॅपटॉप आणि एकच विकतचा गेम यावर अख्खा वर्ग बोलता होतो.

वायर तीन असतील तर नियम असा: लाल एकही नसेल तर दुसरी कापा, अदरवाइज शेवटची पांढरी असेल तर ती कापा, अदरवाइज... आता हे इफ आणि अदरवाइज व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहिलं की निम्मी पोरं जांभया देतात, इथं तेच वाक्य तिघं तिघं ओरडून वाचतात, आणि समोरचा म्हणतो "नो रेड! नो रेड सर, आय टोल्ड!" चिन्हांचा भाग आला की अजून मजा, एका पोरीनं एका चिन्हाला "लाइक जिलेबी, बट विथ टेल" म्हणून सांगितलं आणि समोरच्यानं बरोबर ओळखलं. व्याकरण चुकलं, पण बॉम्ब निकामी झाला ना.

महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावी झालेलं पोरगं इंग्रजीत फोन आला की आईकडं देतं. शब्द येतात त्याला, पण लोक हसतील ही भीती. स्टीफन क्रॅशेन हा अमेरिकन भाषातज्ज्ञ 1980 च्या दशकात हेच सांगत होता की मनावर दडपण असलं की भाषा आत शिरत नाही. आता टायमरचं पण दडपणच की, असं एक जण म्हणाले. बरोबर आहे, पण ते सगळ्यांवर मिळून असतं, एकट्याला उभं करून कुणी हसत नाही.

एका काकांनी विचारलं, बॉम्ब कशाला शिकवताय पोरांना? त्यांनाच बसवलं मॅन्युअल घेऊन. नंतर उठायलाच तयार नव्हते.

यानं लिहिणं सुधारत नाही, त्यासाठी वही-पेनच. आणि कुणी शिक्षक करून बघणार असतील तर एक ऐका, मॅन्युअल आदल्या दिवशी वाचून घ्या, नाहीतर पहिला तास नुसता गोंधळात जातो, आणि सगळ्यात हुशार पोराला लॅपटॉपवर बसवू नका, तो मॅन्युअलवाल्यांना बोलूच देत नाही.