मॅरियन मोठाच होता, पण फॉरवर्डमधला नाही

तो फॉरवर्ड एव्हाना तुमच्याकडेही येऊन गेला असेल. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला फ्रान्सिस मॅरियन, ज्याला 'दलदलीतला कोल्हा' म्हणतात, त्याने म्हणे पन्नास शेतकरी घेऊन इंग्रजांना देशाबाहेर हाकललं, एकही लढाई हरला नाही, त्याच्या फौजेत काळा-गोरा भेद नव्हता, आणि गनिमी कावा तो शिवाजी महाराजांचा इतिहास वाचून शिकला. खाली भगवा, तिरंगा आणि अमेरिकेचा झेंडा एका ओळीत. मला तीन ग्रुपवर आला, तिसऱ्यांदा तर आमच्या काकांनीच पाठवला, तेव्हा म्हटलं आता लिहावंच. कारण मॅरियन माझा आवडता माणूस आहे आणि आवडत्या माणसाबद्दल थापा ऐकल्या की जास्त राग येतो.

आधी 'एकट्याने हाकललं' हे घेऊ. मे १७८० मध्ये साउथ कॅरोलिनातलं चार्ल्सटन पडलं आणि साधारण पाच हजार अमेरिकन सैनिक इंग्रजांच्या हाती लागले. मॅरियन त्यात सापडला नाही याचं कारण ऐकाल तर हसाल. शहरात एका पार्टीला गेला होता, यजमानाने दारं लावून घेतली की सगळे पेले संपेपर्यंत कोणी हलायचं नाही, याला दारूचं वेड नव्हतं, म्हणून याने खिडकीतून उडी मारली आणि घोटा मोडून घेतला. मग बरं व्हायला शहराबाहेर गेला, आणि त्यामुळे वाचला. ऑगस्टमध्ये कॅम्डेनला अमेरिकन फौजेची पुन्हा धूळधाण उडाली, तेव्हाही तो वेगळ्या कामावर पाठवलेला होता. म्हणजे त्या उन्हाळ्यात त्या भागात अमेरिकेची नियमित फौज अशी उरलीच नव्हती. त्या पोकळीत हा माणूस उभा राहिला, हे खरं, आणि हे लहान नाही. दक्षिणेतल्या इंग्रज फौजेचा सेनापती कॉर्नवॉलिस, त्याने डिसेंबर १७८० मध्ये आपल्या वरिष्ठांना जे लिहिलं त्याचा मतितार्थ असा, की या मॅरियनने सँटी आणि पीडी नद्यांमधल्या लोकांच्या मनावर एवढा पगडा बसवलाय की हत्यार न उचललेला माणूस तिथे क्वचितच सापडतो.

पण युद्ध संपलं ते ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण आल्यावर, म्हणजे खरं तर संपायला लागलं, आणि तिथे मॅरियन नव्हता. तिथे वॉशिंग्टन होता, रोशाँबोची फ्रेंच फौज होती आणि समुद्रात द ग्रासचं फ्रेंच आरमार होतं. इंग्लंड तेव्हा फ्रान्स, स्पेन, डच या सगळ्यांशी एकदम लढत होतं आणि इकडे आपल्याशीही. वडगाव १७७९, सालबाईचा तह १७८२, तारखा लावून बघा. चार्ल्सटन इंग्रजांनी डिसेंबर १७८२ मध्ये सोडलं. एवढ्या मोठ्या पटावरून सगळे मोहरे उचलून एकच ठेवायचा, हा कसला इतिहास.

आता 'एकही लढाई हरला नाही'. अहो, नोव्हेंबर १७८० मध्ये जॉर्जटाउन घ्यायला गेला ते जमलं नाही, आणि तिथेच त्याचा पुतण्या गेब्रिएल मारला गेला. मार्च १७८१ मध्ये तो बाहेर असताना इंग्रजांनी स्नोज आयलंडवरचा त्याचा तळ उद्ध्वस्त केला, साठवलेलं सगळं गेलं. जुलै १७८१ मध्ये क्विन्बीला समटर या वरिष्ठ अमेरिकन सेनानीच्या हुकमावरून त्याची माणसं उघड्यावर चालून गेली आणि भाजून निघाली, त्यानंतर समटरच्या हाताखाली लढायला लोक तयार होईनात. फेब्रुवारी १७८२ मध्ये हा विधिमंडळाच्या बैठकीला गेलेला आणि मागे वॉम्बॉ क्रीकला त्याची ब्रिगेड उधळली गेली.

मला तो आवडतो तो या पराभवांमुळेच जास्त. कारण त्याची फौज म्हणजे मिलिशिया, गावोगावच्या साध्या लोकांची हंगामी फौज, पगार जवळपास नाही, कापणी आली की माणसं घरी, बायको आजारी पडली की घरी, पाऊस फार झाला तरी घरी. आज चारशे तर पुढच्या आठवड्यात साठ. दारूगोळा नाही म्हणून आरागिरणीची पाती काढून लोहारांकडून तलवारी करून घेतलेल्या. ऑगस्ट १७८० मध्ये त्याने इंग्रजांच्या ताब्यातून दीडशेच्या आसपास अमेरिकन कैदी सोडवले, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी त्याच्याबरोबर यायला नकार दिला, आम्ही कैदीच बरे म्हणाले. विचार करा, सुटका केलेली माणसं असं म्हणतायत आणि तरी तुम्हाला दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसायचंय. ब्लॅक मिंगोच्या लढाईत लाकडी पुलावर घोड्यांच्या टापा वाजल्या आणि शत्रू सावध झाला, तर म्हणतात की त्यानंतर पूल ओलांडताना तो फळ्यांवर घोंगड्या अंथरायचा. हे एकदा चुकलं की दुसऱ्यांदा न चुकणारं डोकं, ते फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

टोपणनावाची गोष्ट मात्र बऱ्यापैकी पक्की. नोव्हेंबर १७८० मध्ये टार्लटन नावाचा घोडदळाचा अधिकारी त्याच्या मागे लागला, सव्वीस मैल दलदलीतून पाठलाग केला, आणि शेवटी ऑक्स स्वॉम्पपाशी वैतागून म्हणाला म्हणे की या म्हाताऱ्या कोल्ह्याला सैतानसुद्धा पकडू शकणार नाही. कोल्हा तिथून आला.

पुढचा मुद्दा फॉरवर्डमध्ये नाही पण त्याखालच्या कमेंटमध्ये हमखास असतो, की 'लाल कोटवाले इंग्रज मूर्खासारखे रांगेत उभे राहायचे आणि हे झाडामागून टिपायचे'. ब्लॅक मिंगोला समोर कोण होतं माहितीये? तिथलेच लोक, राजाच्या बाजूचे, जॉन कमिंग बॉलच्या हाताखाली. त्या बॉलचा घोडा मॅरियनने पळवला आणि घोड्याचं नावच बॉल ठेवलं, आणि पुढे त्यावरच बसायचा (हा मला आवडलेला खवचटपणा). टार्लटनचं दळसुद्धा मुख्यतः अमेरिकन राजनिष्ठांचं. ऑक्टोबर १७८० च्या किंग्ज माउंटनला तर इंग्रज बाजूचा सेनापती फर्ग्युसन सोडला तर दोन्हीकडून लढणारे जवळजवळ सगळे अमेरिकन. म्हणजे ही भाऊबंदकी होती, शेजाऱ्याने शेजाऱ्याचं घर जाळायचं असली. आणि नुसती झाडाझुडपातली लढाईही नव्हती. एप्रिल १७८१ मध्ये फोर्ट वॉटसन घेताना तोफा नव्हत्या, तर मेहॅम नावाच्या अधिकाऱ्याच्या कल्पनेने रातोरात ओंडक्यांचा मनोरा रचला आणि वरून आत गोळ्या घातल्या, २३ तारखेला किल्ला शरण. सप्टेंबरमध्ये युटॉ स्प्रिंग्जला तर याच मिलिशियाने चक्क उघड्या मैदानात रांगेत उभं राहून गोळीबार केला.

काळा-गोरा भेद नव्हता म्हणे. हे मात्र नुसतं चूक नाही, लबाडी आहे. मॅरियन मळेवाला होता, गुलाम बाळगून होता. त्याच्याबरोबर काळी माणसं होती हे खरं, पण ऑस्कर नावाचा जो माणूस सगळं युद्ध त्याच्यासोबत फिरला तो त्याच्या मालकीचा होता. वॉशिंग्टन शहरातल्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, एक प्रसिद्ध चित्र आहे, मॅरियन इंग्रज अधिकाऱ्याला रताळ्यांचं जेवण देतोय, त्यात रताळी भाजणारा काळा माणूस दोनशे वर्षं बिननावाचा होता, २००६ साली त्याला ऑस्कर मॅरियन म्हणून अधिकृत मान मिळाला. आणि इंग्रज चार्ल्सटन सोडून गेले तेव्हा हजारो काळी माणसं जहाजांवर चढून गेली, काही राजनिष्ठांचे गुलाम म्हणून, पण काही स्वातंत्र्याच्या आशेने. त्यांच्या दृष्टीने मुक्ती कुठल्या बाजूला होती ते बघा. शिवाय १७६१ च्या मोहिमेत चेरोकी लोकांची गावं आणि उभा मका जाळणाऱ्या फौजेत हाच मॅरियन होता. आवडत्या माणसाचं हेही लिहायला लागतं, नाहीतर आवडण्याला काय अर्थ.

ती रताळ्यांची गोष्टही जपून. ती घरोघरी पोचवली मेसन वीम्सने, १८०९ च्या चरित्रातून. हा तोच पाद्री ज्याने वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट पसरवली. मॅरियनचा सोबती पीटर हॉरीने त्याला आपले कागद दिले होते, छापलेलं पुस्तक बघून हॉरी भडकला, की हा माझा इतिहास नाही, ही तुझी कादंबरी आहे. म्हणजे मॅरियनचे फॉरवर्ड दोनशे वर्षांपासून चालू आहेत, आपले काका उशिरा आले.

याच्या उलट एक खरी गोष्ट कोणी पाठवत नाही. समटरने माणसं जमवायला योजना काढली, पगार म्हणून राजनिष्ठांकडून लुटलेले गुलाम आणि माल वाटायचा. मॅरियनने आपल्या ब्रिगेडमध्ये हे चालवायला नकार दिला, माणसांची टंचाई असताना. फोर्ट मॉट या किल्ल्यावर शरण आलेल्या राजनिष्ठांना ली या अमेरिकन अधिकाऱ्याची माणसं फासावर चढवायला लागली तेव्हा यानेच येऊन थांबवलं, आणि युद्धानंतर राज्याच्या सिनेटमध्येही तो सूड नको म्हणणाऱ्यांत होता. गुलाम बाळगणारा आणि हे करणारा, एकच माणूस. जुळत नाही ना? नसू दे.

राहिला शेवटचा, महाराजांचा मुद्दा. मॅरियनने महाराजांचं नाव ऐकल्याचा कुठलाही पुरावा नाही. दलदल, झुडपातली लढाई हे तो चेरोकी मोहिमेत आणि स्वतःच्या मुलखात शिकला. आणि तुलनाही बसत नाही, महाराजांनी किल्ले, महसूल, आरमार, अष्टप्रधान असं राज्य उभं केलं, मॅरियन होता गव्हर्नरने नेमलेला मिलिशियाचा ब्रिगेडियर, नंतर दक्षिणेतल्या अमेरिकन फौजेचा सेनापती ग्रीन याच्या हुकमाखाली. महाराजांना कॅरोलिनातून सर्टिफिकेट कशाला लागतंय?

आपला धागा जोडायचाच असेल तर खरा एक आहे. ज्या कॉर्नवॉलिसने मॅरियनमागे टार्लटनला सोडलं तोच १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला. १७९१ च्या मे महिन्यात टिपूच्या श्रीरंगपट्टणहून परतताना त्याची फौज उपाशी, बैल मेलेले, तोफा स्वतःच्या हाताने फोडून टाकलेल्या, आणि तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन येऊन मिळाले, मराठ्यांच्या बाजारातलं धान्य चढ्या भावाने घेऊन त्याची माणसं जगली. हा फॉरवर्ड कोणी करत नाही, कारण यात आपण कॉर्नवॉलिसच्या बाजूला आहोत.