जान्सेन यांची तबकडी आणि सिनेमा

आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. आपले म्हणणे असे की, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांनी १८७४ मध्ये टिपलेल्या शुक्राच्या अधिक्रमणाच्या, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्र सरकत जाण्याच्या, चित्रांना मी ‘जगातला पहिला चित्रपट’ म्हणणे चूक आहे, कारण ती पडद्यावर हलती दाखवण्याचा त्यांचा हेतूच नव्हता. शिवाय त्या चित्रांतून सूर्याचे अंतरही समाधानकारकपणे निघाले नाही, तेव्हा सिनेमाचे खगोलशास्त्राशी नाते जोडणे ओढूनताणून केलेले आहे.

‘पहिला चित्रपट’ हे शब्द मी मागे घेतो. त्यात माझी आणखी एक चूक झाली होती. त्या चित्रांची म्हणून आज सर्वत्र दाखवली जाणारी वर्तुळाकार छायाचित्र-तबकडी प्रत्यक्ष आकाशाची नसून, सरावासाठी केलेल्या सूर्य-शुक्राच्या प्रतिकृतीवरून घेतलेली असावी, असे अभ्यासकांचे मत आहे, आणि त्याचा उल्लेख मी करायला हवा होता. पडद्यावर चित्र हलते दाखवण्याची कला जादूच्या कंदिलाच्या (काचेवरची चित्रे पडद्यावर पाडणाऱ्या जुन्या दिव्याच्या) आणि खेळण्यांच्या परंपरेतून आली, हेही मान्य.

नाते मात्र मला ओढूनताणून आणलेले वाटत नाही, कारण ते हेतूत नाही, अडचणीत आहे. शुक्र सूर्यबिंबाच्या कडेला आतून नेमका कोणत्या क्षणी स्पर्श करतो, हे पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून मोजले तर सूर्याचे अंतर काढता येते. परंतु त्या क्षणी शुक्राचा काळा ठिपका सूर्याच्या कडेला जणू चिकटून राहतो, दोघांमध्ये काळा धागा ताणल्यासारखा दिसतो, आणि १७६९ च्या अधिक्रमणात शेजारी उभ्या असलेल्या निरीक्षकांच्या वेळांतही कित्येक सेकंदांचा फरक पडला होता. डोळ्यावर विसंबता येत नाही, असे ठरल्यावर जान्सेन यांनी असे यंत्र बनवले की ज्यात तबकडी थोडी फिरे, थांबे, प्रकाश घेई आणि पुन्हा फिरे. ७२ सेकंदांत ४८ चित्रे, म्हणजे दर दीड सेकंदाला एक. ते घेऊन त्यांची तुकडी जपानमध्ये नागासाकीला गेली. काळाचे समान तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे टिपायचा, आणि त्यासाठी चित्र घेण्याचा पृष्ठभाग थांबत-थांबत पुढे सरकवायचा, ही सिनेमाच्या कॅमेऱ्याची मूळ गरज इथे एका खगोलशास्त्रज्ञाने सोडवलेली दिसते.

अंतर नीट निघाले नाही, हे खरे आहे. चित्रांतल्या कडा पुरेशा रेखीव आल्या नाहीत. पण यंत्र तिथे संपले नाही. त्याच पद्धतीने प्राण्यांची हालचाल, पक्ष्यांचे उड्डाण अभ्यासता येईल, हे १८७६ मध्ये जान्सेन यांनीच सुचवले होते, म्हणजे आपण म्हणता त्या हेतूची एक पायरी तरी त्यांच्या मनात होती. १८८२ मध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी उडत्या पक्ष्यांसाठी सेकंदाला १२ चित्रे घेणारी छायाचित्र-बंदूक बनवली, ती या यंत्रावरून प्रेरणा घेऊनच, आणि मारे यांच्याशिवाय सिनेमाच्या कॅमेऱ्याचा इतिहास लिहिता येत नाही. जून १८९५ मध्ये सिनेमाचे आद्य प्रवर्तक ल्यूमिएर बंधूंनी छायाचित्रकारांच्या परिषदेसाठी आलेल्या पाहुण्यांना चित्रित केले, तेव्हा त्यांत वयोवृद्ध जान्सेनही होते. हा प्रसंग मला फार प्रिय आहे. पुरावा म्हणून तो दुबळा आहे, याची मला जाणीव आहे.

आकाशाच्या खऱ्या चित्रफितीचे उदाहरण हवे असेल, तर ते आपल्याकडे घडले होते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांची तुकडी विजयदुर्गाला उतरली होती. त्याच ग्रहणासाठी जादूगार नेव्हिल मॅस्केलाइन हेही भारतात आले आणि त्यांनी ग्रहण फितीवर घेतलेसुद्धा, पण परतीच्या वाटेवर ती फीत चोरीला गेली. मग त्यांनी २८ मे १९०० रोजी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात पुन्हा चित्रण केले. सुमारे मिनिटभराची ती फीत लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या संग्रहात सापडली आणि २०१९ मध्ये दुरुस्त होऊन सर्वांना पाहण्यास खुली झाली.