रिमॅपच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

"स्टेज वन रिमॅप बिनधास्त करा. सर्व्हिसिंगआधी मूळ फाइल परत टाकली की कुणाला कळत नाही, पेट्रोलही कुठलंही चालतं." माझ्या गाडीच्या फोटोसह हा मेसेज फिरतोय. फोटो माझा आहे, मजकूर नाही. (रिमॅप म्हणजे ताकद वाढवण्यासाठी ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदलणं; स्टेज वन म्हणजे इंजिनचे भाग न बदलता केलेला रिमॅप.)

माझी टर्बो पेट्रोल गाडी दोन वर्षं रिमॅपवर आहे, रोज ऑफिसला तीच नेतो. बऱ्याच ईसीयूंमध्ये फाइल किती वेळा लिहिली याची नोंद राहते. मूळ फाइल टाकणं म्हणजे पुन्हा एकदा लिहिणंच, त्यामुळे आकडा वाढतो आणि सर्व्हिसिंगला बदल कळू शकतो. वॉरंटी गेली असं धरूनच मी हे केलं होतं.

पेट्रोलचं तर साफ चूक. माझा रिमॅप ९५ ऑक्टेनसाठी आहे (ऑक्टेन जितकं जास्त, तितकं पेट्रोल इंजिनमध्ये आपोआप पेटण्याचा धोका कमी). गावी जाताना एकदा नाइलाजाने तेव्हाचं साधं ९१ भरलं. घाटात इंजिन नॉक करू लागलं, म्हणजे पेट्रोल आत आपोआप पेटून खडखडू लागलं; ते थांबवायला ईसीयूने ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं आणि पैसे मोजून वाढवलेली ताकद तिथेच गेली. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर क्लेमही अडकू शकतो.

रिमॅप वाईट नाही, मला गाडी आवडते. पण तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.